तिसऱ्या रांगेतला प्रॉम्प्टर

मालकांच्या पत्राला मी उत्तर दिले नाही. ते आले तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे उतरवून पुसत होतो आणि आमची ही मागे उभी राहून कुठला डबा कुठे ठेवायचा नाही, ते सांगत होती. दाराच्या फटीतून पाकीट आत सरकले. अक्षर मी लांबूनच ओळखले. एवढी लांब वेलांटी दुसरे कोणी काढत नाही. कागदावरसुद्धा मालकांना शेवटच्या रांगेपर्यंत दिसायचे असते.

हात कोरडे करून मी पत्र उघडले. पहिली ओळ होती, ‘प्रिय उंदीरमहाराज यांस’.

पुढचे उभ्यानेच वाचले. निरोपाचे म्हणून जुन्याच नाटकाचे काही प्रयोग करायचे ठरवले आहे. वाक्ये हल्ली मध्येच गळतात. नवा प्रॉम्प्टर कष्टाळू आहे, पण त्याचा आवाज कानापर्यंत पोचत नाही. कानात घालायचे यंत्रही आणून पाहिले, ते ऐन वेळी शिट्टी वाजवते. तेव्हा तुम्ही या. विंगेत गादीची खुर्ची ठेवतो.

सबंध आयुष्य मी त्या विंगेत उभा होतो. खुर्ची त्यांना आत्ता सुचली होती.

“कुणाचं?” हिने विचारले.

“मालकांचं.”

तिने कागद माझ्या हातातून घेतला, पहिली ओळ वाचली आणि परत दिला. “हा डबा खालीच राहू दे,” ती म्हणाली. “वर ठेवलात की माझा हात पोचत नाही.”

मालकांच्या नाटक कंपनीत मी प्रॉम्प्टर होतो. नाटक चालू असताना विंगेच्या अंधारात संहिता घेऊन उभे राहायचे आणि नट अडखळला की पुढचे शब्द त्याला हळूच द्यायचे, हे माझे काम. चार माणसांसमोर मला बोलता येत नाही. शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही माझा घसा बसायचा. पण अंधारात उभे राहून दुसऱ्याला बोलते ठेवणे मला जमले. फार मोठे काम होते असे मी म्हणत नाही. तरी त्यात एक खुबी आहे. बोलता बोलता गप्प झालेला नट विसरला आहे की मुद्दाम थांबला आहे, हे कळावे लागते. थांबलेल्याला शब्द दिला तर रंगाचा बेरंग होतो. विसरलेल्याला दिला नाही तर नाटक पडते. मालक विसरले की त्यांचा डावा अंगठा शेजारच्या बोटावर घासू लागे. हे त्यांचे त्यांनाही माहीत नव्हते. मला माहीत होते.

प्रयोगांमधला सगळा वेळ बसमध्ये आणि लॉजवर पुस्तके वाचण्यात जाई. चष्मा आणि पुस्तके यांमुळे कंपनीत मला ‘मास्तर’ म्हणत. मला ते आवडे, हे मी कोणाला कधी सांगितले नाही.

मग ते नाटक आले. त्यात एक व्यापारी पुष्कळ वर्षे परमुलखात राहून घरी परतलेला असतो. दुसऱ्या अंकात तो शेजाऱ्यांना प्रवासाच्या थापा मारत बसतो. तिथे एका प्रयोगाला मालक विसरले. मी शब्द दिला, त्यांना ऐकू गेला नाही. पुन्हा दिला, जरा मोठ्याने. तो पहिल्या रांगेने ऐकला आणि कोणीतरी फिसकन हसले. मालक गर्रकन विंगेकडे वळले आणि म्हणाले, “या घरात उंदीर फार झालेत. आता बोलायलाही लागले.”

नाट्यगृह हसून कोसळले. मध्यंतरात मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि सांगितले की उद्यापासून तिथे जरा मोठ्यानेच कुजबुजा. मी पेन्सिल काढली आणि माझ्याच हाताने समासात लिहिले, ‘इथे मोठ्याने’.

त्यानंतर मालक त्या जागी कधी विसरले नाहीत; विसरल्यासारखे करत. गावोगाव, प्रत्येक प्रयोगाला, मी ठरल्याप्रमाणे मोठ्याने कुजबुजलो, उंदीर ठरलो आणि लोक हसले. ‘मास्तर’ मागे पडले. सामान उचलणाऱ्यांपासून नायिकेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ‘उंदीर’ बसले. आमच्याच गावी प्रयोग लागला तेव्हा ही आपल्या भावाला आणि भावजयीला घेऊन कौतुकाने आली होती. हशा झाला तेव्हा भाऊ हिच्या खांद्यावर डोके टेकून हसला, आणि जाताना ‘येतो हं, उंदीर’ म्हणून गेला. ही त्या नाटकाला पुन्हा आली नाही. कंपनी सोडली त्या दिवशी मंडळींनी मला तारेचा एक पिंजरा भेट दिला, लाल फीत बांधलेला, आत फुले घातलेली. सगळे हसले. मीही हसलो, कारण त्या क्षणी दुसरे काय करतात ते मला आठवेना. हिने तो पिंजरा गॅलरीत टांगून त्यात कपड्यांचे चिमटे ठेवले. म्हणाली, “चिमट्यांना बरा आहे.”

तर मी घरी आलो होतो. घरी येणे जमायला वेळ लागतो. सुरुवातीचे कित्येक दिवस मी कपडे बॅगेतूनच काढत असे. ते पाहून ही विचारायची, “उद्या कुठल्या गावाला प्रयोग?” पलंगाच्या मधोमध झोपायची तिची सवय होती, मी आल्यावर ती एका कडेला सरकली, पण झोपेत परत मध्ये येई आणि मी भिंतीला लागे. दुपारी तिच्या मैत्रिणी पत्ते कुटायला यायच्या. मी खोलीत असलो की त्या हळू आवाजात खेळायच्या, आणि मी बाहेर पडलो की जिन्यापर्यंत हसण्याचा आवाज येई. माझ्या नसण्याची घडी या घराला चांगली बसली होती. मी ती मोडतो आहे असे मला सारखे वाटायचे. पाय न वाजवता चालावे, दाराची कडी हळू लावावी, असे करू लागलो. “असं चोरासारखं काय फिरता हो?” ही म्हणाली. सुदैवाने तिने दुसऱ्या कोणाची उपमा दिली नाही.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. जित्याची खोड. कोणी बोलता बोलता अडले की माझ्या तोंडून पुढचा शब्द जाई. ही फोनवर बहिणीला सांगत असे, “अगं, परवा मी त्या... त्या...” आणि मी वर्तमानपत्राआडून म्हणे, “दंतवैद्याकडे.” ती फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघायची. इमारतीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, “आपल्या टाकीचा प्रश्न आता अत्यंत...” मी मागच्या खुर्चीवरून म्हणालो, “गंभीर.” अध्यक्षांनी चिडून “बिकट झाला आहे” असे वाक्य पुरे केले. पोरे जिन्यात मला उंदीरकाका म्हणायची. ते त्यांना कोणी शिकवले ते उघडच आहे, हिचा भाऊ दर आठवड्याला यायचा आणि दारातूनच विचारायचा, “काय उंदीर, आहात का बिळात?”

मग तळमजल्यावरचे ओव्हरसियर वारले. त्यांच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. ओव्हरसियरांची बायको शांतपणे बोलत होती. “जाताना काही बोलले नाहीत,” ती म्हणाली. “एरवी रोज दाराशी थबकून मला म्हणायचे...” आणि ती गप्प झाली. सगळी खोली गप्प. ती शांतता माझ्याच्याने सोसवेना. मी पुटपुटलो, “काळजी घे.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्या बाईने डोळे पुसले. “नाही हो, काका,” ती म्हणाली. “म्हणायचे, गॅस बंद केलास का.” आणि मग ती जी रडायला लागली ती आवरेना.

वर आल्यावर हिने चपला काढल्या. नंतर म्हणाली, “ती विसरली नव्हती. थांबली होती.”

आयुष्यभर मी ज्या एका गोष्टीवर भाकरी मिळवली, तीच आता मला कळेनाशी झाली होती. बाहेरच्या जगात अंगठे घासत नाहीत. मला वाटले, या सगळ्याला मालक जबाबदार आहेत. हे न्यायाचे नव्हते, हे तेव्हाही कळत होते. पण राग न्याय बघून बसत नाही. तो बसायला जागा बघतो. मालकांचे पत्र खणात होते. दिवसातून दोनदा मी ते काढून पहिली ओळ वाचत असे आणि परत ठेवत असे.

उत्तरे मनात पुष्कळ लिहिली. एकात मी जायचे कबूल केले होते, आणि ऐन रंगात त्यांना दुसऱ्याच नाटकातले वाक्य दिले होते. एकात पहिल्या अंकातले वाक्य तिसऱ्या अंकात दिले होते, म्हणजे व्यापारी मरणाच्या गोष्टी बोलता बोलता एकदम गलबताला किती शिडे होती ते सांगू लागतो. आंघोळ करताना मी ते दृश्य पुनःपुन्हा बघितले. सगळ्यांत आवडते उत्तर सर्वांत साधे होते : जायचे, त्यांच्या गादीच्या खुर्चीवर बसायचे, संहिता मांडीवर उघडायची आणि ते विसरले की पान उलटायचे. माझ्या हातून यातले काहीही होणार नाही याची मला खात्री होती. साप डूख धरतो म्हणतात. उंदराने डूख धरल्याचे कोणी ऐकले नाही.

मग एके सकाळी हिने वर्तमानपत्राची घडी माझ्यापुढे ठेवली. निरोपाच्या प्रयोगांची जाहिरात होती. आमच्या गावीही एक होता, रविवारी दुपारचा. मी वाचून ते पान उलटले. दोन दिवसांनी ही बाजारातून आली आणि भाजीच्या पिशवीतून दोन तिकिटे काढून टेबलावर ठेवली.

“तिसरी रांग, मधोमध,” ती म्हणाली. “तिथून रंगमंचावरच्या माणसाला खालचा माणूस दिसतो. मी बुकिंगच्या माणसाला विचारून घेतलं.”

मी म्हणालो की आपल्याला जायची काय गरज आहे.

“तो विसरतो म्हणून तुम्हाला बोलावतो. तुम्ही समोर बसायचं. त्याला दिसायचं. आणि मूग गिळून बसायचं. एवढंच.”

“आणि नाही विसरले तर?”

“पत्रात लिहिलंय ना, वाक्यं गळतात म्हणून.”

“तू तर पुढचं वाचलं नव्हतंस.”

“तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा वाचलं,” ती म्हणाली, आणि भाजी निवडायला बसली.

त्या दिवशी प्रथमच मला घरात एकटे वाटले नाही. आम्ही दोघे मिळून काहीतरी करणार होतो. लग्नाला इतकी वर्षे होऊन असा योग आला नव्हता.

रविवारी ही ठेवणीतली साडी नेसली. मी इस्त्रीचा सदरा घातला. नाट्यगृहात समोरच्या दाराने मी फार क्वचित गेलो होतो. पाय आपोआप मागच्या बोळाकडे वळले, तेव्हा हिने कोपर धरून मला फिरवले. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला आणि मला एक गोष्ट कळली, की हे नाटक मी कधी पाहिलेलेच नाही. विंगेतून मालकांची एकच बाजू दिसते. समोरून त्यांचा चेहरा मला अनोळखी वाटला. थकलेला होता, गालफडे रंगाखालून दिसत होती. पण आवाज तोच. पहिला अंक त्यांनी सहज ओढून नेला. मी गुडघ्यावर हात घट्ट धरून बसलो होतो. शब्द माझ्या तोंडात त्यांच्या अर्धा श्वास आधी येत होते आणि मी ते दातांआड धरत होतो.

दुसऱ्या अंकात ती जागा आली. मालक थांबले. विंगेतून नवा प्रॉम्प्टर मोठ्याने कुजबुजला. माझ्या पेन्सिलीच्या खुणेबरहुकूम. मालक वळले. “या घरात उंदीर फार झालेत...” लोक हसले. माझ्या शेजारचा माणूस मांडीवर थाप मारून हसला. समोरून ते खरोखरच गमतीचे दिसत होते. मी इतर कोणी असतो तर हसलो असतो. अंगाची आग आग झाली, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या विंगेतल्या माणसाचा मला हेवा वाटला. माझी ती जागाही आता माझी राहिली नव्हती. हिने माझ्याकडे न पाहता विचारले, “काय?” मी म्हणालो, “काही नाही.”

तिसऱ्या अंकाच्या शेवटी, पुन्हा सफरीला गेलेला व्यापारी कायमचा परत येतो आणि आपल्याच घराच्या बंद दाराशी कितीतरी वेळ उभा राहतो. बायको दार उघडते. विचारते, “इतका वेळ बाहेर उभे होतात? दार का नाही वाजवलंत?” त्यावर त्याने एक वाक्य बोलायचे. त्या एका वाक्यासाठी ते नाटक लिहिलेले आहे. त्यानंतर पडदा.

तिने विचारले. मालक उभे राहिले. प्रेक्षकांनी श्वास रोखला; त्यांना वाटले, काय थांबलेत. मी अंगठा पाहिला. अंगठा घासत होता.

विंगेतून शब्द आला. पडद्यातच अडकला. पुन्हा आला. मालकांनी मान किंचित कलती केली, ऐकू येईना. मग त्यांनी प्रेक्षकांत पाहिले. पहिली रांग, दुसरी, आणि मी. त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली आणि त्यांच्या चेहऱ्यावर मोठ्या सुटकेचा भाव आला. दौऱ्यात माणसाला स्टेशनवर ओळखीचे कोणी दिसावे तसा. मला आवाजही करायचा नव्हता. नुसते ओठ हलवले असते तरी पुरले असते. माझ्या ओठांवरून वाक्य उचलायची त्यांना सवय होती.

मी ओठ मिटून ठेवले.

हिने पाठ ताठ केली. तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेले समाधान होते. रंगमंचावरच्या बाईने प्रश्न पुन्हा विचारला, आवाज जरा बदलून. मालक माझ्याकडेच बघत होते. कपाळावरून घामाची रेघ रंगातून खाली आली. मागे कोणीतरी खोकले. मग हिचा हात माझ्या मनगटावर आला.

“सांगा,” ती हळूच म्हणाली.

मी हललो नाही.

“अहो, सांगा ना. बघवत नाही.”

वाक्य माझ्या जिभेवर होते, शब्द न् शब्द. मी दात आवळले. मला वाटत होते तसा घसा बसला नव्हता. इतका शांत मी जन्मात कधी नव्हतो. अखेर त्या बाईलाच दया आली. ती पुढे झाली, मालकांचा हात धरला आणि म्हणाली, “चला, आत चला. बाहेर गार आहे.” ती त्यांना आत घेऊन गेली. पडदा पडला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. काही राहिले आहे, हे फारसे कोणाच्या लक्षातच आले नव्हते. शेजारचा माणूस डोळे पुसत बायकोला म्हणाला, “काही न बोलता किती सांगून गेला.”

इतकी वर्षे मनात बाळगलेला सूड मी उगवला होता आणि त्याचीही वाहवा मालकांनाच मिळाली होती. मला ते सोसवले नाही. निदान ज्याच्यावर उगवला त्याला तरी कळायला हवे होते. मी हिला म्हणालो, “मी आत जाऊन येतो.” ती पर्स छातीशी धरून फाटकाजवळ जाऊन उभी राहिली.

रंगपटात मालक आरशासमोर बसून तेलाच्या बोळ्याने तोंड पुसत होते. अर्धा चेहरा व्यापाऱ्याचा होता, अर्धा म्हाताऱ्याचा. मी आरशात दिसताच म्हणाले, “या, उंदीरमहाराज. तिसरी रांग.”

“हो.”

मग ते म्हणाले की पत्राचे उत्तर आले नाही तेव्हा वाटले, पत्ता चुकला. घरचे सगळे बरे ना, गुडघे काय म्हणतात, अजून वाचता का तेवढेच. मी हो-नाही करत होतो. आरशातून ते हसले. “तुमच्या तोंडाकडे बघत होतो हो मी. म्हटलं, आता येईल, आता येईल. मग कळलं, तुम्हीही विसरलात. बरं वाटलं खरं सांगू का? म्हटलं, मी एकटाच नाही.”

“मला पाठ होतं,” मी म्हणालो.

बोळा गालावर थांबला. ते खुर्चीत वळले आणि आरसा सोडून मला पाहू लागले. “पाठ होतं?”

“हो.”

“मग?”

हाच तो क्षण. या क्षणासाठी मी बसमध्ये, लॉजमध्ये, न्हाणीघरात वाक्ये घोटली होती; लांबलचक, पल्लेदार, स्वल्पविराम जागच्या जागी असलेली. “तुम्ही मला,” मी म्हणालो, “इतकी वर्षं...” आणि पुढचे आले नाही. काहीही आले नाही. डोके पुसलेल्या पाटीसारखे झाले. मी तसाच उभा. मालक वाट पाहत होते. भुवया वर करून, अगदी मनापासून. त्यांनाही ते वाक्य माहीत नव्हते. त्यांच्याकडे बघून मला कळले, की ते नाटक करत नाहीत. आपल्यामुळे माझे काही दुखावले आहे, याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती.

“असो,” शेवटी तेच म्हणाले. “होतं असं.” आणि मग आवाज खाली आणून, जसा विंगेशी येऊन विचारत तसा, “काय होतं हो ते? ‘दार का नाही वाजवलंत’ असं ती म्हणते. पुढे काय?”

तो प्रश्न त्यांनी मला हजारदा विचारला असेल. मी कधी उत्तराला उशीर केला नव्हता.

“ही बाहेर थांबलीय,” मी म्हणालो. “येतो मी.”

रस्त्यात ही माझ्या दोन पावले पुढे चालत होती. एरवी रस्ता ओलांडताना ती माझी बाही धरते, त्या दिवशी धरली नाही. घराच्या वळणावर मी म्हणालो, “गप्प बसा असं तूच म्हणाली होतीस.”

“सांगा असंही मीच म्हणाले होते.”

“ते नंतर.”

“आधी मी त्याचा चेहरा पाहिला नव्हता,” ती म्हणाली. “तुम्ही तर सारखा पाहत होतात.”

त्यानंतर आमच्या घरात भांडण झाले नाही. वागण्यात काही कमी-जास्तही झाले नाही. माझी खोड मात्र गेली. टाकीची पुन्हा बैठक झाली, अध्यक्ष ‘अत्यंत’वर येऊन अडले आणि त्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिले, मी गप्प. ही फोनवर ‘अगं, त्या... त्या...’ करत थांबायची आणि माझ्या वर्तमानपत्राकडे बघायची. मी वर पाहत नसे. एकदा तिने फोन ठेवून विचारले, “शब्द येत नाहीत का हल्ली?” मी म्हणालो, येतात. “मग द्या की,” ती म्हणाली. पण शब्द ओठांशी आला की मला रंगातून उतरलेली ती घामाची रेघ दिसे आणि तो तिथेच राही. भाऊ आला, दारातून उंदीर म्हणाला. हिने सरळ त्याला सांगितले की पुन्हा हा शब्द काढलास तर चहा घरी पिऊन यायचं. तो गोरामोरा झाला. ज्यासाठी मी इतकी वर्षे आसुसलो होतो ते इतक्या सहज झाले, आणि मला त्याचे काही वाटले नाही.

पुढच्या महिन्यात वर्तमानपत्रात चौकटीत बातमी आली. प्रकृतीच्या कारणाने उरलेले सर्व प्रयोग रद्द, तिकिटे परत घेतली जातील, रसिकांनी क्षमा करावी. ही चहा घेऊन आली तेव्हा मी ते पान तिच्यापुढे सरकवले. तिने वाचली. पान मिटून ती आत गेली.

दुपारी मी पोस्टकार्ड घेऊन टेबलाशी बसलो. मायना काय लिहावा, यावर बराच वेळ गेला. मग मायना लिहिलाच नाही. पेन्सिलीला टोक केले आणि कार्डाच्या मधोमध, मोठ्या अक्षरात, संहितेत होते तसे उतरवले :

‘हात उचलला होता, मग वाटलं, वाजवलं तर कुणीही उघडेल; न वाजवता उघडलं, तरच हे माझं घर.’

खाली सही केली नाही. अक्षर त्यांच्या ओळखीचे होते.

ही मागे येऊन उभी राहिली होती. तिने खांद्यावरून वाचले, पहिल्यांदा भराभर, मग हळू.

“आता काय उपयोग त्याचा?” ती म्हणाली.

“काही नाही.”

“मग कशाला पाठवता?”

“त्यांनी विचारलं होतं.”

तिने दुधाचे भांडे उघडून पाहिले. मग म्हणाली, येताना दूध आणा.

मी चपला घालून खाली उतरलो. कोपऱ्यावरच्या पेटीपाशी कोणी नव्हते. कार्ड मी फटीत अर्धे घातले, पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि सोडले. पेटीतले टपाल नुकतेच काढून नेलेले असावे. ते तळाला पडल्याचा आवाज आला, अगदी हळू, पण स्पष्ट.